कल्याणचा फोटो आणि ठाण्याचा पडदा

आमच्या शेजारच्या गोदूताई काशीला जाऊन आल्या तेव्हा आम्हां बायकांना ओटीवर बसवून त्यांनी सगळं सांगितलं होतं. मी काही एवढी लांब गेले नाही. टिटवाळ्याहून निघाले, कल्याणला उतरले, ठाण्याला राहिले नि परत आले. पण आल्यापासून जी ती विचारते, "माई, त्या खोलीत करतात तरी काय? फोटो काढताना दुखतं का हो? आणि आतलं खरंच दिसतं?" एकेकीला सांगून माझा घसा बसला, म्हणून लिहून काढते. शाळेत मी गेले नाही. धाकट्या भावाच्या पाटीवर गिरवून अक्षरं शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, सांभाळून घ्या.

टिटवाळा

जायचं कारण म्हणजे आमची सून, शांता. नंदूच्या वेळची बाळंतीण उठली ती मुळी सावरलीच नाही. पावसाळ्यात खोकला लागला तो दिवाळी झाली तरी हटेना. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, गाल आत गेलेले. एरवी मी आल्याचा रस नि अडुळसा देऊन गप्प बसले असते. पण शांताची थोरली बहीण अशीच खोकत खोकत गेली होती, तिच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं तेव्हा. त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नव्हतं. शांता खोकली की मी चुलीकडे बघायची नि ती माझ्याकडे.

मुलगा वसंता फिरतीच्या नोकरीवर, तिकडे वऱ्हाडात. गावातल्या वैद्यांनी सांगितलं, "माई, आता कल्याणला नेऊन छातीचा फोटो काढा. तिथल्या डॉक्टरांनी नवीन यंत्र आणलंय." तेव्हा मीच निघाले, शांताला नि अंगावर पिणाऱ्या नंदूला घेऊन.

निघायच्या सकाळी शांता डोक्यावरून न्हाली आणि गणपतीला जाऊन आली. थंडीचे दिवस, केस वाळायला वेळ कुठला? तिचे केस म्हणजे कमरेच्या खाली, दोन्ही मुठींत मावणार नाहीत असे. तसेच ओले विंचरले, तेल लावलं, लोकरीचं आगवळ घालून वेणी घातली, वेणीचा खोपा बांधला नि त्यात लोखंडी आकडे खुपसले. पूर्वी ती वेणी मोकळी सोडायची. पण नंदूला मूठ वळता यायला लागल्यापासून तो वेणी धरूनच झोपायचा आणि ओढायचाही असा की हिच्या डोळ्यांत पाणी! म्हणून खोपा.

कल्याण

स्टेशनाबाहेर टांगा केला. टांगेवाल्याला म्हटलं, "फोटोच्या डॉक्टरांकडे ने." तर त्याने आम्हांला लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या दुकानापुढे उभं केलं! आतून कोट घातलेला एक गृहस्थ हसत बाहेर आला. "या, या. बाळाचा काढायचाय?" एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मात्र टांगेवाल्यावर डाफरले, "अरे, छातीचा! आतला!" तो बिचारा ओशाळला आणि घोड्याला उगाचच चाबूक लगावला.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. यंत्र नवं कोरं, त्याच्यावर त्यांनी पांढरी चादर पांघरली होती, पाहुण्यांपुढे नवी खुर्ची झाकून ठेवतात तशी. ती काढून मला कौतुकाने दाखवलं. लोखंडी खांबावर एक मोठा डबा, त्यातून वीज जाते नि किरण निघतात. ते दिसत नाहीत, लागत नाहीत. मांसातून आरपार जातात, हाडापाशी अडतात. "जिथं अडतात तिथं फोटोत पांढरं दिसतं, आजी. निरोगी फुप्फुसात वारा भरलेला, म्हणून ते काळं. काळं दिसलं की चांगलं."

आमच्याकडे सगळं उलट. मी मनात घोकत बसले, काळं चांगलं, पांढरं वाईट.

मग त्यांचा कंपाउंडर आला. "कानातलं, गळ्यातलं, लोखंड, पितळ, काय असेल ते सगळं उतरवा. फोटोत येतं."

"मंगळसूत्रसुद्धा?" शांता माझ्याकडे बघायला लागली. वसंता एवढा लांब, आणि आधीच मनात भलतं काहीबाही. तिचा हात गळ्यापाशीच थांबला.

"पाठीकडे फिरवलं तर चालेल का हो?" मी विचारलं.

"आजी, पाठीकडून आरपारच दिसतं. मग डाग म्हणून तुम्हीच रडत याल."

शेवटी मी तिला म्हटलं, "दे माझ्या मुठीत. मूठ उघडणार नाही, तू बाहेर येईपर्यंत." तिने डोळे मिटून काढून दिलं. मग काही राहिलं तर नाही ना म्हणून डोकं चाचपलं, खोप्यातले आकडेही उपसले नि माझ्या पदरात बांधले. कंपाउंडर म्हणाला, "हे बरं केलंत, ताई." शांता आत गेली. एका हातात नंदू, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट. आतून आवाज, "छाती फळीला टेका. खांदे पुढे. श्वास घ्या. धरून ठेवा!" मीही बाहेर श्वास धरला. खट्ट झालं नि संपलं. दुखत वगैरे नाही बरं का. सगळ्या विचारतात म्हणून सांगते.

ती बाहेर आली तेव्हा त्यांनी घालायला दिलेला पांढरा झगा पाठीवर ओल्या वेणीने भिजला होता. मी आधी मंगळसूत्र घातलं, मग पदराने पाठ पुसली. म्हटलं, एवढ्या थंडीत हिला आणखी सर्दी नको.

फोटो लगेच मिळत नाही. अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात बुडवतात, धुतात, चिमट्याला टांगून वाळवतात. तोवर आम्ही तळ्याकाठी जाऊन बसलो. दशम्या नि लसणाची चटणी नेली होती. शांताने अर्धी दशमी कुरतडली. नंदूला पाजलं, तो तिच्या पोटावर पाय आपटत होता, त्याला हसवत होती. उन्हात बसल्यावर गालांना जरा रंग आल्यासारखा वाटला. मी म्हटलं, "बघ, नुसती हवा बदलली तरी फरक पडला." ती म्हणाली, "माई, अक्कालाही शेवटी शेवटी असाच रंग यायचा." मी उरलेल्या दशम्या फडक्यात बांधल्या.

परत गेलो तर डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला होता. बरगड्या पिंजऱ्यासारख्या दिसत होत्या. माझी सून अशी हाडांची बघून माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी बोट ठेवलं. वरच्या बाजूला, डाव्या खांद्याजवळ, एक पांढुरका पट्टा.

काळं चांगलं, पांढरं वाईट.

"मी पक्कं म्हणत नाही," ते सावकाश म्हणाले. "पण जागा बरोबर तीच आहे. हे दुखणं वरूनच सुरू होतं. घरात कोणाला झालं होतं का?"

शांतानेच सांगितलं, "थोरल्या बहिणीला."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आता सुया निघाल्यात, पूर्वीसारखं नाही. पण आधी खात्री हवी. ठाण्याला माझ्या ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत, ते पडद्यावर बघतात, छाती हलताना. मी चिठ्ठी देतो. आणि तोवर..." ते नंदूकडे बघायला लागले. "मुलाला अंगावर पाजू नका. जवळही घेऊ नका."

नंदू तेव्हा तिच्याच मांडीवर होता. तिने त्याला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पदर तोंडाला लावून भिंतीपर्यंत मागे सरकली.

ठाणे

माझा धाकटा भाऊ अनंता तलावपाळीजवळ दोन खोल्यांत राहतो. ज्याच्या पाटीवर मी शिकले तोच. घरी परतण्याऐवजी तशीच संध्याकाळी त्याच्याकडे गेले. गाडीत नंदू भुकेने रडरड रडला. समोर बसलेली आई हात लावीना, तेव्हा एक बाई मला म्हणाली, "पोर आईकडे द्या ना हो, किती आक्रोश करतंय!" शांताने खिडकीकडे तोंड फिरवलं.

अनंताने दार उघडलं नि आमची तोंडं बघून चेष्टा गिळली. नाहीतर त्याचं नेहमीचं असतं, "ताई आली, आता ठाण्याचा तलाव आटणार बडबडीने!" भावजय सुशीला पदर खोचून पुढे आली. "वन्सं, आधी आत या. सांगायचं ते मग सांगा."

सांगितलं. सुशीलाने शांताला पुढच्या खोलीत खिडकीखाली अंथरूण घालून दिलं आणि तिच्यासाठी कपबशी, ताट, तांब्या वेगळा काढला. तिचीही लेकरं आहेत, मी रागावू कशाला? कपबशी मात्र तिने घरातली सगळ्यांत चांगली दिली, निळ्या फुलांची. तेवढं मी बघितलं.

रात्रीला वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे बिरड्यात नुसता खवलेला नारळ. हे ठाणेकर जाड रस काढून घालतात, वर गुळाचा खडा. एरवी मी दोनदा मागून घेतलं असतं. त्या दिवशी घास फिरत होता. नंदूला बोंडल्याने गाईचं दूध पाजायला बसले तर तो जीभ काढून ढकलायचा, माझ्या लुगड्यावर सगळं सांडायचा. पलीकडे शांताची चोळी दुधाने भिजत होती. सुशीलाने तिला बांधायला जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून दिला. मी बोंडलं भरत होते, ती पट्टा आवळत होती, मधे भिंत.

दुसऱ्या दिवशी कळलं, डॉक्टर त्या दिवशी नसतात, उद्या या. तो दिवस सरता सरेना. ठाण्याचं सुख म्हणजे नळ. तोटी फिरवली की पाणी. आमच्यासारखं रहाटाने ओढायचं नाही. मी उगाचच हंडे भरून ठेवले, सुशीला म्हणाली, "वन्सं, ते पळून नाही जात." नंदूला घेऊन दारात उभी राहिले तर टोपली घेऊन कोळीण आली.

"काय गो आये, पोर का रडतंय एवढं? याची आय कुठं हाय?"

मी खिडकीकडे मान केली. तिने आत बघितलं, पदर तोंडाला लावून बसलेली शांता दिसली, काय ते ओळखलं. टोपली खाली ठेवून म्हणाली, "माजे जावेला झाला व्हता. सुया टोचल्या, पार सुकून काडी झाली व्हती. आता मंग बाजारात माज्याशीच भांडते." मग खिडकीकडे तोंड करून ओरडली, "ए बाय! खोकला आला तं दाबू नको, खोक!"

शांता आदल्या दिवसापासून खोकला दाबत होती. सगळ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कोळणीच्या आलं.

पुढच्या सकाळी सुशीलाने शांताला समोर बसवलं. वेगळी कपबशी देणारी सुशीला तिच्या मागे बसून केस विंचरायला लागली. "वन्सं, तिथं लोखंड चालत नाही म्हणालात ना? मग आकडे नकोतच." म्हणून तिने वेणी टाळूवर उंच गुंडाळली आणि चिंधीने करकचून बांधली. "आमच्याकडे बायका असंच बांधतात, खाली कामाला वाकलं तरी सुटत नाही." शांताच्या डोक्यावर नारळ ठेवल्यासारखं दिसत होतं. मंगळसूत्र काढायच्या आधी सुशीलाने तिच्या मनगटाला काळ्या मण्यांची पोत बांधली. "ही हातात राहू दे, म्हणजे मोकळं वाटायचं नाही." हे कल्याणला आम्हांला सुचलं नव्हतं.

पडद्याची खोली

ठाण्याचे डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. डोळ्यांवर लाल काचांचा चष्मा लावून ते व्हरांड्यात नुसते बसले होते. मला वाटलं, डोळे आलेत. तर म्हणे अंधारात बघायचं असतं, म्हणून डोळ्यांना आधीच सवय करून घ्यायची. पुढ्यात शिशाचा जड एप्रन. शांता घाबरली होती म्हणून मलाही आत येऊ दिलं. "आजीबाई, त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. हलायचं नाही."

दार लावलं. एवढा काळोख की स्वतःचा हात दिसेना. औषधांचा आंबूस वास. मग घर्र घर्र सुरू झालं नि समोर हिरवट उजेडाची एक चौकट उमटली, काजव्याचा असतो तसला उजेड. त्या चौकटीत शांता.

बायांनो, हे कसं सांगू? कल्याणचा फोटो मेलेला होता, हे जिवंत होतं. बरगड्या वर जात होत्या, खाली येत होत्या. पडद्यावर फोटोच्या उलट, किरण अडतात तिथं काळं दिसतं म्हणे; मधोमध मुठीएवढं तसलं काहीतरी काळं, धडधडत होतं. ते तिचं काळीज. किती घाबरलं होतं ते! लग्न होऊन आली तेव्हापासून ही पोर माझ्याशी हळू आवाजात बोलते, मनातलं कधी सांगत नाही. आणि इथं तिचं काळीज मला कोपऱ्यातून दिसत होतं. मला वाटलं, आपण बघू नये. पण डोळे हलेनात.

"श्वास घ्या. सोडा. जरा डावीकडे वळा. आता खोका."

शांता बारीकसं खोकली.

"असं नाही. मोकळं खोका."

ती खोकली, दोन दिवसांचा साठलेला खोकला. पडद्यावर सगळं उसळलं. डॉक्टर तोंड चौकटीजवळ नेऊन बघत होते. काही बोलेनात. परत खोकायला लावलं. परत वळवलं. मी भिंत धरली. माणूस इतका वेळ गप्प राहतो तो वाईट सांगायचं असतं म्हणूनच, हे मी आयुष्यभर बघितलंय.

दिवा लागला. त्यांनी कल्याणचा फोटो उजेडावर धरला.

"फोटोत पट्टा आहे," ते म्हणाले. "आत नाही."

"म्हणजे काय, डॉक्टर?"

"तेच बघतोय." ते बोटाने पट्ट्याच्या कडेने वर वर गेले. खांद्याचं हाड ओलांडलं, आणखी वर. "फुप्फुस इथं संपतं. हा पट्टा मात्र मानेपर्यंत चाललाय. छातीतलं दुखणं मानेत कसं जाईल?" मग माझ्याकडे वळले. "फोटोच्या वेळी हिच्या गळ्यात काय होतं?"

"काही म्हणजे काही नव्हतं! मंगळसूत्र माझ्या मुठीत होतं. लोखंडाचा कण ठेवला नव्हता, खोप्यातले आकडेसुद्धा काढले होते."

"कुठले आकडे?"

"खोपा बांधायचे."

"आणि आकडे काढल्यावर खोपा?"

झग्याची भिजलेली पाठ डोळ्यांपुढे आली. "सुटला," मी म्हटलं. "वेणी पाठीवर होती. डाव्या अंगाला. ओली."

शांताने आपणहून डोक्यावरची चिंधी सोडली. वेणी धप्पकन खाली आली. डॉक्टर बघतच राहिले. "केवढी ही!" एवढंच म्हणाले. "तेल, लोकर, पाणी. चला, परत अंधार करा."

पुन्हा लाल चष्मा, पुन्हा वाट बघणं, पुन्हा घर्र घर्र. आणि पडद्यावर, डाव्या खांद्यापाशी, तो पट्टा! वेणी आता कोरडी होती म्हणून पुसट, पण तोच. डॉक्टरांनी लाकडी पट्टीने वेणी उजवीकडे सारली. पट्टा उजवीकडे गेला. डावीकडे आणली, डावीकडे आला. त्यांनी शेवटी वेणी उचलून पार वर धरली नि छाती मोकळी झाली, दोन्हीकडे सारखी.

दिवा लागल्यावर म्हणाले, "मंगळसूत्राला सगळे घाबरतात. वेणीचं कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नसतं." खात्रीसाठी वेणी वर बांधून त्यांनी नवा फोटो काढला, तो वाळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मी सारखी विचारत होते, "वाळला का?" फोटोही स्वच्छ निघाला. अशक्तपणा आहे, खोकला जुना झालाय, दूध, अंडी, विश्रांती. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

"मुलाला घेऊ ना?" शांताने विचारलं. एवढंच.

"घ्या की."

अनंताच्या घरी आलो तर सुशीला दारातच नंदूला कडेवर घेऊन उभी होती. मी लांबूनच हात हलवून सांगितलं. तिने त्याला पुढे केलं. पण शांता थांबली. हात पुढे आले नि मागे गेले. "आत्ता नको. घरी गेल्यावर. आंघोळ करून." डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, फोटो हातात होता, तरी तिचा पदर तोंडाला तसाच.

परत

जाताना कल्याणला उतरून त्या तरुण डॉक्टरांना दोन्ही फोटो दाखवले. मला वाटलं, चिडतील. त्यांनी दोन्ही खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघितले. कान लाल झाले होते. मग शांताला म्हणाले, "ताई, तुम्हांला फार त्रास झाला." कंपाउंडरला बोलावून तिथल्या तिथं कागदावर लिहायला लावलं, बायकांनी केस डोक्यावर बांधावेत, आणि तो कागद यंत्राच्या खोलीच्या दाराला डकवला. तेव्हा तुम्ही कोणी गेलात तर तो कागद दिसेल. नाही दिसला तर माझी आठवण ठेवा.

घरी पोचलो. शांताने पाणी तापवलं, न्हाली नाही, नुसती अंगावरून आंघोळ केली. ओटीवर येऊन बसली. मी नंदूला तिच्या मांडीवर ठेवलं. तो आधी तिच्याकडे बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा, आणि एकदम रडायला लागला. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, एवढ्यात विसरला की काय हा?

तेव्हा तिने डोक्यावरची चिंधी सोडली. वेणी खांद्यावरून पुढे आली. नंदूचं रडणं अर्ध्यात तुटलं. त्याने मूठ वळून वेणी पकडली, दुसऱ्या हातानेही पकडली आणि जी ओढली म्हणता! शांताचं डोकं खाली आलं, डोळ्यांतून पाणी घळाघळा.

मी त्याची बोटं सोडवायला वाकले.

"राहू दे, माई," ती म्हणाली. "ओढू दे त्याला."